एका एकराची बाजू 660 फूट?



एक एकराच्या चौरस वावराला काटेरी तार लावायची, तर एक बाजू किती फुटांची? मानवतच्या एका दुकानात परवा पॉलिटेक्निकच्या एका मुलाने मोबाइलवर हिशेब करून 660 फूट सांगितले. चारी बाजू मिळून 2,640 फूट आणि दहा फुटांवर एक याप्रमाणे 264 खांब. दुकानदार यादी लिहायलाही लागला. सातवी शिकलेले वावराचे मालक ‘माझं रान एवढं नाही’ म्हणून अडून बसले, म्हणून पैसे वाचले.

झाले होते एवढेच की 43,560 चौरस फुटांऐवजी 4,35,600 टाइप झाले. नेमके त्याचे वर्गमूळ पूर्ण 660 येते, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारणच उरले नाही. बोट कोणाचेही चुकते. संताप याचा येतो की दहावीची पायरी ओलांडलेल्या मुलाला 200 चा वर्ग 40,000 हे त्या क्षणी आठवले नाही. आठवले असते तर उत्तर दोनशेच्या थोडेच वर हवे, हे बटण दाबण्याआधी कळले असते.

आणि हे किती सोपे आहे पाहा. 43,560 ला 200 ने भागा, 217.8 येतात. 200 आणि 217.8 यांची सरासरी 208.9. कॅल्क्युलेटर 208.71 दाखवतो. फरक अडीच इंचांच्या आत! तार ओढायला याहून बारीक हिशेब कशाला हवा? खांब लागतात 84. मुलाने 264 काढले होते. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात हे पाठ असते. मग वर्गात 1,089 चे वर्गमूळ काढताना गुंठ्याचे नाव का निघत नाही?

भागाकाराने वर्गमूळ काढण्याची रीत आर्यभटाने 499 साली सांगितली. ती आम्ही फळ्यावर गिरवली. आता दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे उदाहरण 2√13 वर आणून सोडले की पूर्ण गुण. ते सात आहेत की सत्तर, हे विचारायचेच नाही. परीक्षेत कॅल्क्युलेटर बंद, घरी मोबाइल सुरू, आणि दोन्हीकडे अंदाज गायब. कॅल्क्युलेटरला माझा विरोध नाही. वहीत आधी अंदाज लिहा, मग यंत्रावर पडताळा, एवढेच म्हणणे आहे. परभणी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने येत्या सहामाहीपासून आठवी ते दहावीच्या गणितात एक गुण अंदाजासाठी ठेवावा. त्याला निधी लागत नाही.

पण वरून काय येते? 2024 च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवरही शेरा मारून मुलाला पुढे ढकलण्याची तरतूद आली, आणि तो शेरा असा की पुढे हे विषय घेता येणार नाहीत. जिंतूर-पालमच्या खेड्यातल्या ज्या मुलाच्या शाळेत गणिताला धड शिक्षक नाही, त्याचीच वाट यात बंद होणार. आधी शिक्षक द्या, शेरे नंतर मारा.

— एक निवृत्त शिक्षक, मानवत, जि. परभणी