नेम शिकवता, थांबणे कधी शिकवणार?

23 सप्टेंबर 2024 रोजी बदलापूर प्रकरणातील आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्येच पोलिसाच्या गोळीने ठार झाला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी चालवावी लागली, असे पोलिसांनी सांगितले. चार पोलिसांना व्हॅनमध्ये एक माणूस आवरता कसा आला नाही, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने केला. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना या मृत्यूस जबाबदार धरले. आरोप अत्यंत घृणास्पद होता. म्हणूनच तो न्यायालयात सिद्ध व्हायला हवा होता.

दोष कोणाचा, हे न्यायव्यवस्था ठरवेल. प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र आपण विचारलाच पाहिजे. फायरिंग रेंजवर अंतर ठरलेले, पुतळा स्थिर आणि आदेश मिळाल्यावरच गोळी. प्रत्यक्षात हातभर अंतर, अंधार, आरडाओरड आणि एखाद-दोन सेकंद. म्हणून अनेक देशांत नकली खोल्या, रंगाच्या गोळ्या आणि भूमिका करणारी माणसे वापरून सराव घेतात. अमेरिकेच्या एफबीआयने 1987 मध्ये यासाठी क्वांटिको येथे एक नकली गावच उभारले. असा सराव आपल्या पोलिसांनाही मिळायला हवा. 26/11 च्या रात्री तुकाराम ओंबळे हाती फक्त काठी असताना कसाबच्या रायफलला भिडले आणि शहीद झाले. पोलिसांना अपुऱ्या तयारीने पुढे ढकलणे हाही अन्यायच आहे.

पण सराव कशाचा? 2002 मध्ये अमेरिकेत जोशुआ कॉरेल आणि सहकाऱ्यांनी संगणकावरील खेळातून प्रयोग केला. समोरचा माणूस सशस्त्र असेल तर गोळी, नसेल तर नाही. सशस्त्र माणूस काळा असला की गोळी लवकर सुटे. निःशस्त्र माणूस गोरा असला की 'नको' हा निर्णय लवकर होई. पुढे 2007 मध्ये पोलिसांवरील अभ्यासात हा वेगातला फरक कायम दिसला, पण चुकीचे निर्णय सामान्य लोकांपेक्षा कमी होते. म्हणजे पूर्वग्रह बोटापर्यंत पोहोचतो, आणि योग्य सरावाने बोट रोखताही येते. आपल्याकडे रंगाच्या जागी आडनाव, वस्ती आणि निळा झेंडा ठेवून पाहा.

11 जुलै 1997 ची घाटकोपरची रमाबाई आंबेडकर नगर वस्ती आपण विसरलेलो नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि 10 जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा बचाव गुंडेवार आयोगाने मान्य केला नाही. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली. पुढे त्यांना जामीन मिळाला. तिथे उणीव नेमबाजीची नव्हती, समोरच्यांना माणूस म्हणून पाहण्याची होती.

बळाच्या वापराविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या तत्त्वांत पोलीस प्रशिक्षणात मानवी हक्क, जमावाचे वर्तन, वाटाघाटी आणि शस्त्राशिवायचे पर्याय यांवर भर द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यात माहिती अधिकाराखाली विचारावे: वर्षात किती पोलिसांचा असा सराव झाला? त्यातल्या किती प्रसंगांत योग्य उत्तर 'गोळी झाडू नका' हे होते? गोळीबारानंतर त्यातून शिकण्यासाठी काय केले?

मोर्चे निघतातच, पण ही उत्तरे कागदावर मागून घेणे हेही आंदोलनच आहे.