मेंदी काळी नसते!

मंडळी, लग्नसराई आली की आमच्या पुणतांब्यात डोकी रंगू लागतात. कुणाचे केशरी, कुणाचे तपकिरी, तर कुणाचे मुळाशी चक्क हिरवट! मग ज्या त्या वहिनी म्हणतात, "माझे केसच मेले रंग धरत नाहीत." मला हे मुळीच पटत नाही. दोष केसांचा नाही, पुडीवरच्या अक्षरांचा आहे.

मेंदीच्या पानातले रंगद्रव्य पांढऱ्या केसावर नारिंगी-तांबडेच उमटते. लोखंडी कढईत भिजवा, चहाचे पाणी घाला, फार तर गडद होईल. काळपट छटा हवी तर निळीच्या पानांची पूड लागते (कपड्यांची नीळ नव्हे!). मेंदी काही तास भिजवावी लागते, नीळ मात्र आयत्या वेळी कालवायची. दोन्ही एकत्र रात्रभर ठेवली की सकाळी निळीचा जोर गेलेला, उरते केशरी. आणि पिवळट पांढऱ्या केसांवर नुसती नीळ लावली तर? निळा अधिक पिवळा म्हणजे हिरवा, हे शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकलोच आहोत.

मग 'काळी मेंदी' अर्ध्या तासात काळेभोर केस कसे करते? कारण तो काळेपणा मेंदीचा नसतोच. अशा पुड्यांत बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याने खाज, सूज, फोड येतात. "इतकी वर्षे लावतेय, काही झाले नाही" हेही खरे नव्हे, ही अॅलर्जी वर्षांनंतरही उद्भवते.

नियमानुसार अशा पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा हवा: आधी त्वचेवर चाचणी घ्या, पापण्या-भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. हा मराठी इशारा भिंगाशिवाय वाचून दाखवा, मी पेढे वाटीन! पानांचे चित्र मात्र भले मोठे.

२०१७ मध्ये याच गावातून शेतकरी संपाची हाक गेली. खताच्या गोणीवरचे आकडे आपण नीट वाचतो. मग डोक्याला लावायच्या पुडीतले घटक ठळक मराठीत, दर्शनी बाजूस लिहा, असे ठणकावून का सांगत नाही? आणि रसायनाला 'मेंदी' म्हणणे तर बंदच व्हायला हवे.

बाकी, चौदाशे वर्षे जगले म्हणतात त्या चांगदेवांची समाधी आपल्या गावात. इथे पांढऱ्या केसांची एवढी लाज कशाला? असो. लावायचा तर रंग जरूर लावा, पण वाचून लावा.