दुखापतीची नोंद नसलेली वही

११ जुलै २०२५ रोजी मोनॅको येथील डायमंड लीग स्पर्धेत अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि शर्यत सोडून त्याला बाहेर यावे लागले. गुडघ्याचे लिगामेंट तुटले, आतल्या गादीलाही इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या या धावपटूविषयी मराठवाड्याने हळहळावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु अशा प्रसंगी हळहळ चार दिवसांत ओसरते आणि ‘आता तो संपला’ असा निकाल देऊन समाज मोकळा होतो. हा निकाल कोणत्या हिशेबावर दिला जातो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

साबळेची ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे केवळ धावण्याची शर्यत नव्हे. तीत २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या असतात. दमछाक वाढत असताना ३५ वेळा शरीराचा भार बहुधा एकाच पायावर झेलावा लागतो. आणि ही झाली एका शर्यतीची गोष्ट. सरावातील उड्यांची तर गणतीच नाही. म्हणजे या क्रीडाप्रकारात गुडघा व घोटा हेच खेळाडूचे भांडवल असते आणि ते प्रत्येक शर्यतीत थोडेथोडे खर्ची पडत असते. कारखानदार यंत्राच्या किमतीतून दरवर्षी घसारा वजा करतो, मोडतोडीसाठी निधी राखून ठेवतो. खेळाडूच्या शरीराचा असा घसारा मात्र कोणीच मांडत नाही. लौकिकाच्या वहीत पदकाची आणि पराभवाची नोंद होते. दुखापतीसाठी रकानाच नसतो.

हा रकाना नसल्यामुळे निष्कर्ष किती चुकतात, हे साबळेच्याच कारकीर्दीत दिसते. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची जकार्ता आशियाई स्पर्धा हुकली. त्या वेळी वही मिटली असती, तर त्याच वर्षी भुवनेश्वर येथे त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, हे घडलेच नसते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीही गाठू शकला नाही आणि टीकेला तोंड फुटले. पुढे दीड महिन्याच्या आतच हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आणला. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंदांची ही प्रगती एका पडण्याने पुसली जात नाही.

दुखापत आणि लौकिक यांचे नाते सर्वत्रच असे विषम आहे. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू बिल वॉल्टन हा सेंटरच्या जागेवरील असामान्य खेळाडू. १९७७ मध्ये त्याने पोर्टलंड संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. पुढच्या हंगामात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पाय दुखत असतानाही वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो खेळला आणि नंतर हाड मोडल्याचे आढळले. त्यानंतरच्या चार हंगामांत मिळून तो केवळ १४ सामने खेळू शकला. आजच्या एका सामन्यासाठी उद्याची चार वर्षे गहाण पडली. तरीही १९८६ मध्ये बोस्टन संघात राखीव खेळाडू म्हणून उतरून तो पुन्हा विजेता ठरला. जो ‘नेहमीचा दुखणेकरी’ ठरला होता, त्याच्यात खेळ शिल्लक होता. संपली होती ती पाहणाऱ्यांची धीर धरण्याची तयारी.

वॉल्टनपाशी व्यावसायिक खेळाचा पैसा होता. साबळेपाशी सैन्यातील नोकरी आहे. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधव यांचे पुढील ऑलिंपिक गुडघ्याच्या दुखापतीने हुकले. त्यांनाही पोलीस खात्यातील नोकरीचाच आधार होता. खरा प्रश्न आहे तो ज्यांना अद्याप पदकही मिळाले नाही आणि नोकरीही, त्यांचा. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु ते विहित स्पर्धांतील प्राविण्यावर मिळते. प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वीच ज्याचा गुडघा निकामी झाला, त्याच्या कष्टांची दखल कोणत्या नियमाने घ्यायची? अल्पभूधारकाच्या मुलाने अभ्यासाची पाच-सात वर्षे मैदानावर घातलेली असतात. बक्षीस मिळाले तर त्यात गाव, शाळा, संघटना असे सारेच वाटेकरी होतात. जोखीम मात्र त्या एकट्या कुटुंबाच्या माथी राहते. लाभ सार्वजनिक आणि तोटा खाजगी, अशी ही व्यवस्था आहे.

ती बदलणे अशक्य नाही. छत्रपती संभाजीनगर येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, घाटीसारखे शासकीय रुग्णालय आहे. राज्याचे क्रीडा विद्यापीठ प्रथम या शहरासाठी जाहीर झाले आणि पुढे पुण्याच्या बालेवाडीला गेले, याची खंत येथे आहेच. परंतु खंत करीत बसण्यापेक्षा असलेल्या संस्थांची सांगड घालणे अधिक फलदायी ठरेल. जिल्हा व विभागीय पातळीवर उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा विमा, त्याच्या दुखापतींची लेखी नोंद, घाटीत ठरावीक दिवशी तपासणी आणि जायबंदी खेळाडूची प्रशिक्षण केंद्रातील जागा किमान एक वर्ष राखून ठेवणारा नियम, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. शाळेतील क्रीडाशिक्षकानेही ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलाला भित्रा न समजता त्या दिवशी बाकावर बसवावे. यासाठी तर कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

अशा शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत धावण्यास बहुधा नऊ महिने ते वर्षभराचा काळ लागतो. तिशी ओलांडलेल्या धावपटूला हा काळ जड जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. साबळेची वेळ पूर्वीसारखी होईल की नाही, हे मैदानच ठरवील. परंतु ती तशी झाली नाही, तरी त्याने जे मिळवले ते उणे होत नाही. आणि त्याच्यामागून आष्टी, पाटोदा, कन्नड, वैजापूर येथून निघालेली मुले पडली, तर त्यांना उठवण्याची जबाबदारी केवळ त्यांच्या आईबापांची राहत नाही.