उसाचा केवडा दिसतो, पोराचा दिसत नाही



उसाची पाने पिवळी-पांढरी पडली की आपला सभासद दुसऱ्याच दिवशी गटऑफिसात हजर. "साहेब, केवडा पडला, काय मारू?" आम्ही सांगतो, लोह कमी पडले, हिराकस फवारा. त्याच सभासदाच्या घरी तिसरीतले पोट्टे फिकट दिसते, खेळताना धाप लागते. ते मात्र 'अंगानंच तसं आहे' म्हणून सोडून दिले जाते. पिकाचे कळते, मग पोराचे काहून कळू नये?

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर लोह व ब जीवनसत्त्वही बरेच निघून जाते. तो कोंडा आपण जनावरांना घालतो, ती बिचारी धष्टपुष्ट! शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ व 50 ग्रॅम भाजीपाला ठरलेला आहे. हे किती पालकांना ठाऊक आहे? एका शाळेत आम्ही विचारले, डाळ कशाला खायची? एक पोरगी म्हणाली, "भात गिळायला." हसू आले, पण तिला कोणी सांगितलेच नव्हते.

हे फळ्यावर शिकवून भागणार नाही. शाळेच्या परसबागेत मुनगा, लाल माठ, आंबाडी पोरांनी स्वतः लावावी, तोडावी, खिचडीत घालावी. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा तर फुकटच. वर लिंबू पिळले की लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पाजला की अडते. आठवड्याची गुलाबी गोळी पोरांना फेकू देऊ नये. मात्र घरात सिकलसेल असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आता आमच्याच मालाविषयी. साखरेत लोह नाही, प्रथिने नाहीत, नुसती ऊर्जा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. आपल्या जिल्हा परिषद शाळा त्या मंडळाच्या नाहीत, पण फलक लावायला मनाई कोणाची आहे? कारखान्याच्या अंकात हे छापले म्हणून काही मंडळी रागावतील. रागवोत बापडी. सकाळी बिस्किटाचा पुडा हाती देऊन पोराची भूक मारायची, हे आम्हांस पटत नाही.

ज्या गावच्या शाळेला परसबाग करावयाची असेल, तेथील सभासदांनी गटऑफिसात नाव द्यावे. वाफे आखून द्यायला आम्ही स्वतः येऊ. शेणखत तेवढे गावाने द्यावे.