आमचा आरसा तरी खरा आहे का?

“तू मुस्लिम वाटतच नाहीस!” ऑफिसातला मित्र कौतुकाने म्हणाला. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, इंजिनिअर झालो, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. मग मुस्लिम ‘वाटतो’ तो कोण? त्याच्या डोळ्यांपुढचा मुस्लिम मदरशातच शिकतो. सच्चर समितीने २००६ साली आकडा दिला होता : शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी साधारण ३ टक्के. मी तो त्याला ऐकवला. तो गप्प झाला. मी खूश झालो.

पण आपणही स्वतःकडे नीट पाहतो का?

आमच्या कामात ग्राहकाने चूक दाखवली की एक ठरलेलं उत्तर असतं : “माझ्या मशीनवर तर चालतंय.” आपला समाजही हेच उत्तर देतो. स्त्रियांचा विषय निघाला की आपण अभिमानाने सांगतो, इस्लामने मुलीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसाहक्क दिला. खरं आहे. मुलाच्या निम्मा का होईना, पण दिला. मात्र नाना गेले तेव्हा अम्मीने घरावरच्या हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही केली. का? “माहेर तुटू नये म्हणून.” पुस्तकात हक्क आहे, कागदावर सही आहे, आणि अम्मीच्या हातात काही नाही. मी तिथेच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही.

हे बोललं की आपलेच लोक म्हणतात, “वातावरण कसं आहे बघतोस ना? घरातलं बाहेर कशाला काढतोस?” वातावरण वाईट आहे, मान्य. पण ते चांगलं होतं तेव्हा तरी आपण कुठे बोललो? इतरांच्या नजरेला भिऊन आपण आपल्याच बायकांचा हक्क दाबत असू, तर त्या नजरेला दोष देण्यात अर्थ नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने ७ मुस्लिम महिला मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. चांगल्या वातावरणाची वाट पाहत त्या घरी बसल्या नाहीत.

मित्रांनो, आपल्याबद्दलचे गैरसमज खोडायलाच हवेत. पण त्याआधी आपापल्या घरातली हक्कसोडपत्रं काढून बघा, सह्या कुणाच्या आहेत. येत्या रविवारी मी मामूंकडे जाऊन हा विषय काढणार आहे. उशीर झालाय, तरीही.