कॅमेरा लावला, पाहणार कोण?

पाळणाघरांत सीसीटीव्ही बसवणे दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये कायद्याने बंधनकारक केले. त्या वर्षी जानेवारीत इंचॉन शहरात, ताटात किमची टाकली म्हणून शिक्षिकेने चार वर्षांच्या मुलीला मारल्याचे चित्रण देशभर दाखवले गेले. लोक खवळले, तरी मार्चमध्ये संसदेत विधेयक थोड्या मतांनी पडले आणि एप्रिलअखेर मंजूर झाले. त्या कायद्याचे मोल बारकाव्यांत आहे. चित्रण किमान ६० दिवस जपायचे, आवाज टिपायचा नाही, मुलाला इजा झाल्याचा संशय आल्यास पालकाला ते पाहता येईल. सर्व पालकांची संमती असेल, तर कॅमेऱ्यातून सूटही आहे. हा कायदा खासगीपणावर घाला असल्याचा आक्षेप तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळला.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. खारघरच्या पाळणाघरात २०१६ मध्ये आयाने दहा महिन्यांच्या बाळाला केलेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच उघड झाली. बोलता न येणाऱ्या जिवाच्या बाजूने दुसरा साक्षीदार नव्हता. मात्र कॅमेरा असूनही बाळाचा मार चुकला नाही, कारण त्या वेळी पडद्याकडे कोणी पाहत नव्हते. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये याहून वाईट घडले. अत्याचाराच्या तपासात पंधरा दिवसांचे चित्रणच गायब असल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. या घटनेनंतर शाळांना सीसीटीव्हीची सक्ती करणारा शासन निर्णय निघाला. यंत्र बंद पडले तर जबाबदार कोण, हे ठरत नाही तोवर अशी सक्ती फक्त विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते.

अनेक पालकांना थेट मोबाइलवर चित्रण हवे असते. आईची काळजी रास्त आहे, पण एका मुलासाठी उघडलेल्या खिडकीतून बाकीची मुलेही दिसतात, कपडे बदलताना, शी-शू करताना. पासवर्ड एकदा व्हॉट्सॲपवर फिरला की तो कोणाकडे गेला याचा पत्ता लागत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे. पाळणाघराच्या नियमांत तीच कसोटी हवी. दिवसभर आठ-दहा लेकरे सांभाळणाऱ्या, तुटपुंज्या पगारावरच्या मावशींवर फक्त नजर रोखून त्यांचा थकवा कमी होत नाही. मुलांमागे माणसे किती, हेही तपासावे लागेल.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. अवचित दारात उभी राहणारी आई कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा सरस, पण ही सोय घराच्या खोलीत चालणाऱ्या पाळणाघरांना लागू नाही. तिथे नोंदणी आधी हवी, मग कॅमेरा. आणि चित्रण खरोखर साठते का, हे न कळवता येऊन पाहणारा निरीक्षकही.