शाखा टिकते ती कशाच्या बळावर?

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५ रोजी बँकेचे कामकाज संपले आणि त्या क्षणापासून न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना स्वतःच्या खात्यातील एक रुपयाही काढता येईनासा झाला. रिझर्व्ह बँकेने घातलेले हे निर्बंध सहा महिन्यांसाठी होते. शुक्रवारी सकाळी शाखांसमोर रांगा लागल्या. त्याच दिवशी संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासकाची नेमणूक झाली. प्रभादेवीतील मुख्य कार्यालय आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांतून सुमारे १२२ कोटी रुपयांची रोकड नाहीशी झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली गेली.

आपल्या व्यापारी कुटुंबांना या बातमीने जो प्रश्न विचारावयास लावला, तो एका बँकेपुरता नाही. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात दोन-तीन पिढ्यांची चालू खाती सहकारी बँकांत आहेत. शाखाधिकारी दुकानदाराला नावाने ओळखतो, सणासुदीच्या खरेदीआधी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून देतो, वडिलांच्या पश्चात मुलाला सांभाळून घेतो. हा स्नेह ठेवावा की सोडावा? उत्तर देण्यापूर्वी या बँका कोणत्या काळात उभ्या राहिल्या, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, २७ डिसेंबर १९०६ रोजी, रावबहादुर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांनी मुंबईत आपल्या ज्ञातिबांधवांसाठी पतसंस्था स्थापन केली आणि तिला आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांचे नाव दिले. पुढे गिरगावात १९१७ साली नॉर्थ कॅनरा गौड सारस्वत ब्राह्मणांची संस्था आणि १४ सप्टेंबर १९१८ रोजी सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी उभी राहिली. १९१८ हे वर्ष आठवावे. महायुद्धाने महागाई वाढलेली होती आणि इन्फ्लुएन्झाची साथ त्याच हंगामात मुंबईत घरोघरी माणसे नेत होती. आजारपण, मुलीचे लग्न, सावकाराचे देणे यांखाली दबलेल्या चाकरमान्याला मोठी बँक दारात उभे करीत नव्हती. ज्यांची पत कोणी मानत नव्हते, त्यांनी एकमेकांची पत मानली, एवढेच त्या संस्थांचे मूळ भांडवल होते. म्हणजे स्थानिक मालकीची बँक सुखाच्या दिवसांत जन्माला आली नाही. कठीण काळ हेच तिच्या जन्माचे कारण होते.

गिरणगावाचीही कथा याच वळणाची आहे. १९६४ साली काळाचौकी परिसरातील गिरणी कामगार व कामगार कार्यकर्त्यांनी ५,००० रुपयांच्या भागभांडवलावर अभ्युदय ही पतसंस्था सुरू केली. पुढे तिचीच बँक झाली. १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. तीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने ओळखली जाऊ लागली.

या पट्ट्याची खरी परीक्षा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाली. त्या दिवशी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कामगारांच्या पतसंस्थांचे हप्ते पगारातून परस्पर कापले जात. सहकार कायद्याने तशी सोय दिलेली आहे. पगार थांबला तेव्हा हप्ताही थांबला. घर चालविण्यासाठी कामगार शिल्लक मोडू लागला. लालबाग-परळच्या किराणा दुकानदाराची उधारीची वही भरत गेली आणि त्याचा गल्ला रिकामा होत गेला. संपूर्ण वस्ती एकाच उद्योगावर जगत असेल, तर तेथील पतसंस्थेच्या ठेवी आणि वसुली दोन्ही एकाच दिवशी आटतात. ज्या जवळिकीमुळे संस्था माणूस ओळखते, तीच जवळीक तिची जोखीमही ठरते. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण पुढील अनेक पडझडींचे मूळ त्यातच सापडते.

२०१९ सालची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक पाहावी. तेथे वस्तीची जागा एका कर्जदाराने घेतली होती. एकूण सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती आणि ती हिशेबात लपविलेली होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले तेव्हा प्रत्येक ठेवीदाराला प्रथम केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी एका कर्जदाराची मर्यादा टियर-१ भांडवलाच्या १५ टक्के व एका समूहाची २५ टक्के अशी ठरवून दिली. आपला कोणताही अनुभवी व्यापारी सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला उधारीवर देत नाही. बँकेचा नियमही यापेक्षा निराळा नाही.

आता शाखेच्या आत डोकावू. अफवा पसरते त्या सकाळी शाखाधिकाऱ्याला काय करावे लागते? सर्वसाधारणपणे शंभर रुपयांच्या ठेवीतील साठ-पासष्ट रुपये कर्जात गेलेले असतात, बराचसा उरलेला भाग सरकारी रोख्यांत असतो आणि हाताशी रोकड अगदी थोडी असते. त्यामुळे सर्व ठेवीदार एकाच दिवशी आले तर सुदृढ बँकही अडखळते. जाणता शाखाधिकारी अशा वेळी शटर वेळेआधी खाली ओढत नाही. तो स्वतःच्या काचेच्या खोलीतून बाहेर येऊन काउंटरपाशी उभा राहतो. वृद्धांना बसावयास देतो, दुपारच्या आत जादा रोकड मागवितो आणि नियमात बसणारे प्रत्येक पैसे काढण्याचे पत्रक चेहऱ्यावर आठी न आणता चुकते करतो. ज्याला पैसे हातात मिळाले, तो बाहेर जाऊन रांगेतील दहा जणांना सांगतो आणि त्यातील काही जण घरी परततात. बँकेवरील विश्वास जाहिरातीने परत येत नाही, तो काउंटरवर मोजून दिलेल्या नोटांनी येतो.

परंतु या सौजन्याला शिस्तीचा पाया लागतो. तिजोरीच्या दोन चाव्या दोन स्वतंत्र व्यक्तींकडे असतात आणि दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. दिवसअखेर रोकड मोजून दोघांच्या सह्या होतात. अधूनमधून तिऱ्हाईत अधिकारी न सांगता येऊन नोटा मोजतो. हे नियम कंटाळवाणे आहेत, आणि वीस-पंचवीस वर्षे एकत्र काम केलेल्या माणसांत ते संकोचाचेही वाटतात. ‘आपलाच माणूस, त्याच्यासमोर काय मोजायचे?’ हे वाक्य ज्या शाखेत प्रथम उच्चारले जाते, त्या दिवसापासून ती धोक्यात येते. जुन्या पेढ्यांवर मालकाचा सख्खा भाऊसुद्धा रात्री गल्ला मोजूनच देत असे. त्यात अविश्वास नव्हता. उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून भावाला दिलेले ते संरक्षण होते.

न्यू इंडिया बँकेच्या बाबतीत व्यापारी दृष्टीला एक गोष्ट खटकावी अशी आहे. बँकेच्या ठेवी सुमारे २,४०० कोटींच्या होत्या. त्या मानाने १२२ कोटी म्हणजे ठेवींच्या सुमारे पाच टक्के. एवढी रक्कम व्याज न मिळविता रोखीत पडून असल्याचे कागदावर दिसत असेल, तर प्रश्न पडावयास हवा. आपल्या गल्ल्यात चार दिवस मोठी रोकड निपचित पडली तर वडीलधारी मंडळी कारण विचारतातच. शिवाय बँकेला २०२२-२३ मध्ये सुमारे ३० कोटींचा आणि २०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटींचा तोटा झाला होता. हे आकडे गुप्त नव्हते. अहवाल सभासदांसाठीच छापला जातो, तो उघडून पाहणारे मात्र थोडे असतात.

येथे सहकारी बँकेचे मर्म लक्षात घेतले पाहिजे. अशा बँकेचा सभासद हा केवळ ग्राहक नसतो, तो मालक असतो. भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे. तरी सभेला जाणारे बहुसंख्य सभासद अल्पोपाहार व भेटवस्तू घेऊन परततात आणि लाभांश जाहीर होताच टाळ्या वाजवितात. मालकच पाठ फिरवून बसला तर मुनिमाला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

ठेवविम्याविषयीही स्पष्ट कल्पना असावी. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ सुरू झाले. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते, १९९३ पासून १ लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांचे आहे. मुंबईच्या सीकेपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर ३० एप्रिल २०१४ पासून निर्बंध होते आणि तिचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला. वाढीव मर्यादेमुळे तिच्या सुमारे ९९.२ टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यात बसली. मात्र त्याआधीची सहा वर्षे कोणी परत दिली नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली आहे.

या पार्श्वभूमीवर व्यापारी कुटुंबांनी काही गोष्टी आजच तपासाव्यात. ५ लाखांची मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आहे आणि त्याच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी त्यासाठी एकत्र मोजल्या जातात. एकल मालकीच्या दुकानाचे खाते आणि मालकाचे वैयक्तिक खाते एकच धरले जाते. भागीदारी पेढीचे खाते मात्र वेगळे धरले जाते. पगार, कर आणि मालाच्या देण्यांपुरती रक्कम दुसऱ्या एखाद्या बँकेतही असावी, म्हणजे एक दार बंद झाले तरी नोकरांची चूल विझत नाही. बँकेच्या भागांना विम्याचे संरक्षण नसते, याचे भान ठेवावे. अहवालात किमान तीन आकडे पाहावेत: भांडवल पर्याप्तता, निव्वळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण आणि सलग दोन वर्षांचा नफा-तोटा. मोठ्या नागरी बँकांसाठी भांडवल पर्याप्तता किमान १२ टक्के हवी. निव्वळ अनुत्पादक कर्जे ६ टक्क्यांवर गेली किंवा सलग दोन वर्षे तोटा झाला, तर रिझर्व्ह बँकेची सुधारणात्मक कारवाई लागू होऊ शकते. बाजारापेक्षा बरेच जास्त व्याज कोणी देत असेल, तर ती कृपा समजू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना संस्थांच्या विश्वस्तांसाठी आहे. मंदिर, पाठशाळा, वैद्यकीय मदत निधी यांच्या ठेवी अनेकदा केवळ ओळखीपोटी एकाच बँकेत वर्षानुवर्षे ठेवल्या जातात. निधी ५० लाखांचा असला तरी विम्याचे संरक्षण ५ लाखांचेच. व्यापाऱ्याचे स्वतःचे नुकसान तो पुढील हंगामात भरून काढील. रुग्णाच्या औषधासाठी कोणी दिलेले दान बुडाले तर ते कोण भरून देणार? विश्वस्ताला ओळख राखण्याचा अधिकार स्वतःच्या पैशापुरता आहे.

म्हणून सहकारी बँकेकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अभ्युदय बँकेचे संचालक मंडळ बाजूला करून प्रशासक नेमला, परंतु पैसे काढण्यावर निर्बंध घातले नाहीत आणि शाखा चालू राहिल्या. दोष वेळीच हेरला तर काउंटर बंद करावे लागत नाही. न्यू इंडियाच्या ठेवीदारांना २७ फेब्रुवारी २०२५ पासून २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळू लागली, आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. १९१८ च्या साथीत गिरगावातील ज्ञातिबांधवांनी उभारलेली संस्था शतकानंतर प्रभादेवीतील कामगारांच्या बँकेच्या ठेवीदारांना आधार देती झाली, हे लक्षणीय आहे.

लहान दुकानदाराला आणि नवख्या उद्योजकाला जवळून ओळखून कर्ज देणारी शाखा आजही हवीच आहे. ती शाखाधिकाऱ्याच्या गोड बोलण्यावर टिकत नाही आणि जुन्या नावावरही टिकत नाही. तिजोरी रोज दोघांनी मोजली आणि अहवाल दरवर्षी सभासदाने वाचला, तरच ती टिकते. येत्या सर्वसाधारण सभेची सूचना घरी येईल तेव्हा सोबतचा अहवाल रद्दीत टाकू नये. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घराला एक जास्तीची वही वाचणे जड जाऊ नये.